वेंडल स्टकी साप निवडतो

"आणि हा मरतो कधी?" वेंडलने विचारलं.

टेबलापलीकडचा दाढीवाला ब्रँट चपापला. चावतो का, माणूस गिळतो का, बायको घर सोडून जाईल का, असं सगळं त्याला सकाळपासून विचारून झालं होतं. हा प्रश्न पहिलाच. त्याच्या खांद्यावरून सहा फुटांचा, तांबूस शेपटीचा बोआ सावकाश दंडावर उतरत होता.

"म्हणजे आजारी पडतो का, असं म्हणायचंय का सर?"

"नाही. मरतो. आपोआप, म्हातारा होऊन. किती वर्षांनी?"

"अहो, हे लेकरू चार वर्षांचं आहे!" ब्रँटला जोर चढला. "नीट ठेवलंत तर तीस वर्षं कुठे गेली नाहीत. माझ्या ओळखीतला एक अडतिसाव्या वर्षी गेला."

वेंडलचा चेहरा पडला. माल चांगला आहे हे ऐकून गिऱ्हाइकाचं तोंड उतरलेलं ब्रँटने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"पण हा एवढा मोठा आहे," वेंडल म्हणाला.

"मग?"

"मोठं जनावर लवकर जातं ना?"

"ते कुत्र्यांत, सर."

वेंडल कुत्र्यांचाच माणूस होता. सहासष्ट वर्षांपैकी साठ वर्षं त्याच्या पायाशी कुठलं ना कुठलं कुत्रं होतं. कुत्र्यांचं गणित त्याला पाठ होतं. तळहातावर मावणारं पिल्लू सोळा वर्षं भुंकत बसतं आणि वासरासारखा कुत्रा आठव्या वर्षी मागच्या पायांनी खाली बसतो तो उठत नाही. त्याचा शेवटचा कुत्रा मूस असाच गेला. म्हणून आज आल्या आल्या तो सरळ बाजारातल्या सगळ्यात मोठ्या सापाकडे गेला होता. स्टकींच्या घरात बाप एकाहत्तराव्या वर्षी गेला, थोरला भाऊ सत्तराव्या. त्यापुढे कोणाची मजल गेलेली नाही. म्हणजे वेंडलच्या हातात पाच वर्षं. साप चार वर्षांत जाणारा हवा. एवढंच त्याचं मागणं होतं, आणि त्यात हसण्यासारखं त्याला काही दिसत नव्हतं.

मार्चमधला रविवार. मन्सी गावाबाहेर जत्रेच्या मैदानावर गुरांच्या प्रदर्शनाची जी लांबलचक शेड आहे, तिथे दर दोन महिन्यांनी हा सापांचा बाजार भरतो. टेबलांच्या रांगा, टेबलांवर कोशिंबिरीला असतात तसे झाकणाचे पारदर्शक डबे, आणि डब्याडब्यात वेटोळं करून बसलेला एकेक जीव. गुरांचा वास सिमेंटमधून जात नाही, त्यावर मक्याच्या चिप्सच्या पुडीत खिम्याचं कालवण ओतून विकणाऱ्या बाईच्या गाडीचा वास. लोक एका हातात ती पुडी आणि दुसऱ्या हातात साप घेऊन फिरतात. इंडियानात रविवारी चर्चनंतर माणसाने काय करावं याचे फार पर्याय नसतात.

"तुम्हाला नक्की कुठला बोआ हवाय सर?" ब्रँटने विचारलं.

"बोआ म्हणजे बोआ. कुठला म्हणजे?"

ब्रँटने एक मोठा श्वास घेतला. तिथेच वेंडलचा दिवस बिघडला.

वेंडलला साप का हवा होता, हे सांगायचं तर दोन पत्रं आणि एक पेटी सांगावी लागेल.

पहिलं पत्र बावीस वर्षांपूर्वीचं. गिअरबॉक्स बनवणारा कारखाना मालकांनी स्क्रूसकट उचलून दुसऱ्या देशात नेला आणि वेंडलला आभाराचं पत्र दिलं. त्यानंतर आठ वर्षं मिळेल ते केल्यावर त्याला जे काम मिळालं ते असं: माणूस मेला आणि त्याचं कोणी आलं नाही, किंवा आलं पण त्यांना वेळ नसला, की गॅरी नावाच्या कंत्राटदाराला फोन जातो. गॅरी ट्रक पाठवतो. वेंडल आणि आणखी दोघं घरात शिरतात आणि दोन दिवसांत घर रिकामं करतात. लग्नाचे फोटो, दातांची कवळी, नाताळची झाडं, न उघडलेली बिलं. विकण्यासारखं एका बाजूला, बाकीचं कचऱ्याच्या लोखंडी पेटाऱ्यात. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात माणसं कशी मरतात हे ज्याला बघायचं असेल त्याने व्याख्यानं ऐकू नयेत, गॅरीच्या ट्रकवर आठवडाभर चढावं.

दुसरं पत्र गेल्या उन्हाळ्यातलं. वेंडल राहतो ती ट्रेलरची, म्हणजे चाकांवरच्या घरांची, वस्ती कुठल्याशा कंपनीने विकत घेतली. कंपनी म्हणजे कोण, ते वस्तीत कोणालाच ठाऊक नाही. तिचा चेहरा नाही, तिची फक्त पत्रं येतात. यापुढे नवीन कुत्रं नको, मांजर नको. काचेच्या पेटीत राहील असं जनावर चालेल, पेटी चार फुटांच्या आत. मूस जाऊन तेव्हा महिना झाला होता.

आणि पेटी होती गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली. एक निवृत्त पोस्टमन घरात मेला आणि नऊ आठवडे कोणाला पत्ता लागला नाही. वेंडल आत गेला तेव्हा मागच्या खोलीत काचेच्या पेटीवर लाल दिवा जळत होता. विजेचे पैसे बँकेतून आपोआप जात होते, म्हणून दिवा चालू. पेटीत साप. पेटीवरच्या चिठ्ठीवर 'बोआ' एवढं वाचता येत होतं, पुढचं नाव ओलाव्याने पुसलेलं. नऊ आठवडे पोटात काही नाही, आणि तरी त्याने मान उचलून वेंडलकडे पाहिलं.

"पेटीसकट पेटाऱ्यात टाक," गॅरी म्हणाला.

वेंडल "बरं" म्हणाला आणि पेटी आपल्या पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात ठेवली. वर ताडपत्री घातली, दोर बांधले. जनावरांचा निवारा चाळीस मिनिटांवर. बाहेर पाणी गोठत होतं. कुत्रं असतं तर पुढच्या सीटवर बसवलं असतं. पण साप म्हणजे त्याच्या डोक्यात थंडच, थंडाला कसली थंडी? निवाऱ्यातल्या मुलीने ताडपत्री उचलली, पेटीत हात घातला आणि मग त्याच्याकडे बघत म्हणाली, "उघड्यावर आणलंत याला?"

पेटाऱ्यात टाकला असता तरी तो मेलाच असता. पण मग तो गॅरीने मारला असता.

तेव्हापासून वेंडलच्या डोक्यात हे होतं. आपण एक बोआ आणायचा, नीट सांभाळायचा आणि तो आपल्या डोळ्यांदेखत म्हातारा होऊन मरू द्यायचा. आपल्यामागे तो पेटीत बसलाय आणि गॅरीचा कोणीतरी माणूस दार फोडून आत येतोय, हे काही झालं तरी होऊ द्यायचं नाही.

"मला लहान पेटीत राहणारा दाखवा," तो ब्रँटला म्हणाला. "आणि लवकर आटपणारा."

"लहान? मग होककडे जा. तिकडे, लाल टोपीवाला. पण सर, खरं सांगू? बोआ घ्यायचा तर हाच. बाकीच्यांना लोक नुसतं बोआ म्हणतात."

होक साठीचा, पोट सुटलेला, स्टुलावर पाय पसरून बसला होता. त्याच्याकडे दोन जाती होत्या. केनियातलं मांडूळ, आणि याच देशातल्या वाळवंटातला गुलाबी पट्ट्यांचा बोआ. मांडूळ दाखवायला त्याने डब्यातल्या वाळूत बोट फिरवलं. मग दुसरं बोट फिरवलं.

"आहे आत," होक म्हणाला.

"दिसत नाही ते."

"दिसणार नाही. त्याचं तेच तर कौतुक आहे. तो दिवसभर वाळूत असतो. तुम्हाला त्रास नाही, त्याला त्रास नाही."

"मग मी वाळूची पेटी पाळली असं होईल की."

"बायकोशी बारा वर्षं माझं असंच चाललंय," होक म्हणाला आणि आपल्याच विनोदावर पोट हलवून हसला. "लागतं किती? दोन फुटी पेटी, खालून ऊब, महिन्यातून तीन उंदीर. खलास."

"आणि जगतो किती?"

"वीस."

"आणि हा गुलाबी?"

"हा दणकट! तीस सहज."

वेंडलने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "इथे वेळेवर कोणी मरत नाही का हो?"

होकने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही साप घ्यायला आलात की पुरायला?"

पुढच्या टेबलावर इंद्रधनुषी बोआ होते. दिव्याखाली धरले की अंगावर पेट्रोलच्या तवंगासारखे रंग पळत. तिथल्या बाईने त्याला सांगितलं की या सापाला सतत दमट हवा लागते, न्हाणीघरासारखी, नाहीतर आठवड्यात खेळ संपतो. होक म्हणाला होता, ओलावा लागला की खेळ संपतो. ब्रँट म्हणाला होता, ऊब द्या, बाकी काही बघू नका. तिघंही बोआबद्दलच बोलत होते. वेंडलने तिघांची पत्रकं घेतली, घडी करून खिशात कोंबली आणि रांगेच्या टोकाला जाऊन एका खांबाला टेकून उभा राहिला. त्या पोस्टमनचा यातला कुठला होता? रंग? तपकिरी. की करडा? लाल दिव्याखाली सगळंच तपकिरी दिसतं. एका मुक्या जिवाला मारलं आणि तो कोण होता हेही आपल्याला सांगता येत नाही, या विचाराने त्याला स्वतःचीच चीड आली.

"बाळा, खांब पडणार नाहीये. बस जरा."

खांबामागच्या टेबलापाशी एक म्हातारी बसली होती. चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची, पुरुषी लोकरी शर्ट, केस स्वतःच कात्रीने कापल्यासारखे. टेबलावर फलक नाही, रंगीत दिवे नाहीत. डबे नव्हते, बिछान्याखाली ठेवतात तशा झाकणाच्या प्लास्टिकच्या चपट्या पेट्या होत्या. बहुतेक पेट्यांवर पांढऱ्या चिकटपट्टीवर काळ्या शाईने काहीतरी लिहिलेलं.

"मी सहासष्टचा आहे," वेंडल म्हणाला. बाळ म्हटल्याचा त्याला राग आला होता, पण तो बसला.

"मी कुठे विचारलं? ओपल क्रेनशॉ. तुला बघतेय मघापासून. तीन टेबलं फिरलास आणि प्रत्येक ठिकाणी तोंड आणखी लांब. काय हवंय?"

"बोआ."

"ते सगळेच म्हणतात." तिने एक पेटी उघडली, हात घातला आणि त्याच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. जेमतेम शिसपेन्सिलीएवढं, मातकट, चकचकीत. ना पट्टे ना रंग. ते त्याच्या अंगठ्याला विळखा घालून बसलं आणि हललंच नाही. "रबरी बोआ. याच देशातला, पश्चिमेकडच्या डोंगरातला. याला भट्टी नको, न्हाणीघर नको. थंडीतच खुलतो. बाकीचे तापवून मारतात याला."

"थंडी चालते याला?"

"डोंगरातला आहे म्हटलं ना. तुला काय झालं?"

"काही नाही," वेंडल म्हणाला. "वाढून केवढा होतो?"

"दोन फूट."

"आणि जगतो किती ते सांगून टाका एकदा."

"माझ्याकडे एक एकतीस वर्षांची आहे. चाळिशी गाठतात. पन्नाशीचेही ऐकलेत."

वेंडल हसला. दिवसभरात पहिल्यांदा, आणि त्यात आनंद अजिबात नव्हता. बाजारातला सगळ्यात मोठा साप तीस वर्षांचा, आणि सगळ्यात लहान, सगळ्यात साधा हा पन्नास वर्षांचा. कोणी रचलं हे जग? पण हात मात्र त्याने मागे घेतला नाही. अंगठ्याभोवतीची पकड घट्ट नव्हती, सैलही नव्हती. घरी त्याचा हात कोणी धरल्याला बरीच वर्षं झाली होती.

"मला हा हवाय," तो म्हणाला. आपण काय बोललो हे त्याला बोलून झाल्यावर कळलं.

ओपलने टेबलाखालून एक कार्ड काढलं आणि पेन पुढे केलं. "वर तुझं नाव. खाली, तुझ्यामागे सापाला कोण नेणार त्याचं नाव आणि फोन."

"मागे म्हणजे?"

"तू मेल्यावर. मी कोणालाही विकते, पण नाव घेतल्याशिवाय विकत नाही. विशीतल्या पोरांनासुद्धा नाही. पोरं काय कमी मरतात?"

वेंडलने पेन घेतलं. हे कार्ड काय आहे हे त्या शेडमध्ये त्याच्याइतकं कोणाला कळणार होतं? चौदा वर्षं तो हे कार्ड नसलेल्या घरांत शिरत होता. वरच्या ओळीवर त्याने आपलं नाव लिहिलं. खालच्या ओळीवर पेन टेकवून बसला. मूसला ओळखणारा शेजारी गेल्या वर्षी गेला. बायको नवीन नवऱ्याबरोबर, तिचा पत्ताही नाही. कारखान्यातली माणसं पांगली. शेवटी त्याने मुलीचं नाव लिहिलं, शेरिल, टेक्सास, आणि फोन नंबर. अक्षर जरा जास्तच सुबक आलं.

ओपलने कार्ड वाचलं, फोन उचलला आणि नंबर लावला.

"अहो, हे काय करताय?"

"विचारतेय. नुसतं लिहायला काय, कोणीही गव्हर्नरचं नाव लिहील." तिने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"हॅलो?"

"शेरिल का? मी मन्सीहून बोलतेय, तुझ्या वडिलांच्या..."

"अरे देवा. गेले का बाबा?"

"मी इथेच आहे, शेरी," वेंडल घाईने म्हणाला.

"बाबा! काय जीव घेता का माझा? कोण बाई आहे ही? लग्नबिग्न करताय का?"

"साप घेतोय."

पलीकडे दूर कुठेतरी एक दार आपटल्याचा आवाज. "काय घेताय?"

"साप. छोटा आहे. माझ्यामागे तुला न्यावा लागेल. म्हणजे लगेच नाही..."

"बाबा, ऐका. रिकला शिंका येतात मांजराने. मुलं तीन. मी साप कुठे ठेवू? आणि मुळात मी तिकडे येणार कधी?"

"सामान आवरायला येशीलच ना तेव्हा."

"कसलं आवरायला? ट्रेलर आहे बाबा तो, महाल नाही." शेरिलचा आवाज दुष्ट नव्हता. तिला कामावर जायचं होतं आणि ती खरं बोलत होती, एवढंच. "मी गॅरीला सांगेन ना. तुमचाच माणूस आहे. तुम्हीच तर म्हणता, दोन दिवसांत सगळं साफ करतो. बरं, मला निघायचंय. साप घेऊ नका. तब्येत सांभाळा. लव्ह यू."

फोन बंद झाला. ओपलने कार्ड उलटं करून ठेवलं. वेंडलला संताप आला. शेरिलचा नाही. गॅरीचाही नाही. कोणाचा ते त्याला नीट सांगता येईना. दुसऱ्याच्या घरात चौदा वर्षं हातमोजे घालून फिरलो, आणि आपल्या घरात तेच हातमोजे येणार हे आपल्याला आज, एका परक्या बाईच्या टेबलावर, फोनवरून कळावं!

"बाई, तुमची नावं कुठायत?" तो एकदम म्हणाला.

"माझी?"

"तुम्ही जगाला विचारता ना मागे कोण म्हणून? तुम्ही काय मला पुरून उरणार आहात? तुमच्या सापांना कोण नेणार?"

आवाज चढला होता. खिम्याची पुडी घेऊन चाललेल्या एका बाईने वळून बघितलं. ओपल मात्र खूश झाली असावी. तिने बोटाने पेट्या दाखवल्या.

"वाच की. तुला काय वाटलं, सापांची नावं आहेत?"

वेंडलने वाचलं. ग्लेन यूटझी, फोन. पाद्री स्टॅनफिल, फोन. नॅन्सी, दातांच्या दवाखान्यातली, फोन. डोरीन आणि बॉब. एकेका चिकटपट्टीवर एकेक नाव. विकायच्या पिलांच्या पेट्या सोडल्या तर एकही पेटी कोरी नव्हती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने आपल्या मरणाची सगळी व्यवस्था बिछान्याखालच्या पेट्यांवर लावून ठेवली होती आणि ती घेऊन ती बाजारात येत होती.

टोकाच्या पेटीवर नाव होतं, पण त्यावर सरळ रेघ मारलेली. रॉस टिपटन.

"हा कोण?"

"रॉस. मेला जानेवारीत, माझ्याआधी. बावन्न वर्षांचा होता, गाढव." ओपलने पेटी जवळ ओढली. "ही मेबल. एकतीस म्हटलं ना, तीच."

"मला म्हातारा साप चालेल. ही द्या मला. किंमत सांगा."

"म्हातारे मी विकत नाही. ही माझी आहे. मी मरेपर्यंत माझी."

"मग मला दाखवता कशाला?"

"तूच विचारलंस म्हणून." ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. गुरांच्या बाजारात गुराचे दात बघावेत तसं. "काम काय करतोस?"

वेंडलने सांगितलं. घरं रिकामी करतो म्हणाला. मग, कोणी विचारलं नव्हतं तरी, पोस्टमनचं घर सांगितलं. लाल दिवा, ताडपत्री, चाळीस मिनिटं. हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. शेरिललाही नाही. सांगताना त्याने आवाज खाली ठेवला होता, कारण शेडभर सापवाले होते आणि त्यांच्यात हे कबूल करणं म्हणजे चर्चमध्ये उभं राहून शिवी देण्यासारखं होतं.

ओपलने पूर्ण ऐकून घेतलं. "पुढच्या सीटवर ठेवायचास रे," ती म्हणाली.

"हो."

"शर्टाच्या आत घ्यायचास."

"मला माहीत नव्हतं."

"आता माहीत झालं." तिने चिकटपट्टीची गुंडाळी काढली, एक तुकडा दाताने तोडला आणि रॉसच्या नावावर चिकटवला. पेन वेंडलपुढे केलं. "लिही."

"काय लिहू?"

"तुझं नाव. मी चौऱ्याहत्तरची. माझी दोन्ही फुप्फुसं भंगारात काढलीयत डॉक्टरने. तू माझ्यानंतर जाशील असं धरून चालू."

वेंडलला काही कळेना. तो साप घ्यायला आला होता. लवकर मरणारा. आता त्याला साप मिळत नव्हताच, वर एका बाईच्या मरणाची वाट बघायची होती, आणि बाई तर उद्या जाईल असं काही दिसत नव्हतं. "पण ही माझ्याकडे आली आणि पन्नाशी गाठली तर? तेव्हा मी पंच्याऐंशीचा. माझ्यामागे कोण? तो प्रश्न तसाच राहिला ना?"

"तसाच राहिला."

"मग यात सुटलं काय?"

"कोणी म्हटलं सुटतं म्हणून? तुझ्या पेटीवर तू नाव शोध. माझ्या पेटीवर मी शोधतेय." ओपल खोकली, बराच वेळ खोकली. "आणि फुकट नाही हे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी घरी यायचं. तिला भरवायला शिकायचं, कात कशी टाकते ते बघायचं. ज्याचं नाव पेटीवर आहे त्याला तिने वासाने ओळखायला हवं. ग्लेन येतो, पाद्री येतो, नॅन्सी येते. साखर-सायीची गोड पाई भाजते मी, आवडत असेल तर. नसेल तर उपाशी बस."

वेंडलने तळहातावरचं पिल्लू सावकाश सोडवून तिच्या पेटीत परत ठेवलं. ते त्याला अजूनही हवं होतं. मग त्याने पेन उचललं. कामावर खोक्यांवर लिहायची सवय, तसंच मोठ्या अक्षरांत त्याने लिहिलं: वेंडल स्टकी. खाली नंबर. पट्टीचा एक कोपरा उचलला गेला होता, तो ओपलने अंगठ्याने दाबून बसवला.

चार वाजता लाउडस्पीकरवरून बाजार आवरायला सांगितलं. ब्रँट आपला सहाफुटी बोआ उशीच्या अभ्र्यात घालत होता. होक वाळू चाळून आपली मांडुळं मोजत होता, एक कमी भरत होतं आणि तो पुन्हा पहिल्यापासून मोजत होता. ओपलची गाडी शेडच्या दुसऱ्या टोकाला, गुरं उतरवायच्या धक्क्यापाशी होती. वेंडल न सांगता पेट्या उचलायला लागला. ग्लेन यूटझी. डोरीन आणि बॉब. नॅन्सी. कुठली पेटी कशावर ठेवायची ते ओपल काठीने दाखवत होती आणि चुकला की ओरडत होती.

"आडवी धर! ती काय पिझ्झा आहे?"

"पिझ्झाही आडवाच धरतात बाई."

"मग तसा धर!"

सहा फेऱ्या झाल्या. शेवटी एकच पेटी उरली. त्याने ती दोन्ही हातांनी उचलली. पेटी अगदीच हलकी होती. एकतीस वर्षांचं काहीतरी आत एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकलं आणि थांबलं, आणि तोही थांबला. मग पाऊल न उचलता, फरशीवरून घासत घासत टाकत तो निघाला.

ओपल काठी टेकत पुढे चालली होती. आधीच्या प्रत्येक फेरीला ती चार पावलांवर थांबून मागे वळून बघत होती, काहीतरी ओरडत होती. या वेळी ती धक्क्यापर्यंत गेली, गाडीचं दार उघडलं आणि आतली जागा हाताने झटकत राहिली. तिने मागे वळून पाहिलं नाही.